ग्राइंडिंगचा खर्च कसा काढतात?

ग्राइंडिंग म्हणजे फिरत्या चाकावरील कठीण कणांनी धातूचा अगदी पातळ थर खरवडून भाग नेमक्या मापात आणणे. चाक धातूला लागले तेवढ्याच मिनिटांची मजुरी, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बाकीचा वेळही खर्चात धरावा लागतो.

पिठाच्या गिरणीचे पाहा. दगडाला टाकी लावताना पीठ पडत नाही, पण तो वेळ दळणाच्या दरातूनच भरून निघतो. तसेच येथे ड्रेसिंग (हिऱ्याच्या टोकाने चाक पुन्हा धारदार करणे), सेटिंग (भाग यंत्रावर बसवून जुळवणे) आणि मोजमाप यांचे आहे.

समजा, सेटिंगला ६० मिनिटे आणि प्रत्येक नगाला ६ मिनिटे लागतात. एकाच नगाला ६६ मिनिटे पडतील; २० नग असतील तर प्रत्येकी ९.

टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ०.०२ ऐवजी ०.००५ मिलिमीटर मागितला, तर शेवटचे फेरे हलके घ्यावे लागतात. ड्रेसिंग आणि तपासणीही वाढते. म्हणून काढायचा थर, टॉलरन्स, नगसंख्या आणि यंत्राचा ताशी दर आधी लिहून घ्यावा. मगच दर सांगावा.