पिसांतील बारकावे टिपताना

चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या पळ्ळिकरणै पाणथळीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे विजेच्या तारेवर बसलेला खंड्या हे नित्याचे दृश्य. तपकिरी डोके, पांढराशुभ्र गळा आणि पाठीवर झळाळता निळा रंग! हौशी छायाचित्रकार मोठ्या आशेने त्याची छबी टिपतो. परंतु घरी संगणकाच्या पडद्यावर पाहता पाठीवर पिसे दिसतच नाहीत, दिसतो तो रंगाचा सपाट लेप. गळा तर चुना फासल्यासारखा. मग दोष लेन्सला दिला जातो व अधिक महागड्या लेन्सची चौकशी सुरू होते. त्यासाठी कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी आपले एक्स्पोजर तपासून पाहणे हिताचे ठरेल, कारण पुष्कळदा चूक तेथेच असते.

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचा प्रकाश स्वतंत्रपणे नोंदवतो. पिसाची रेघ न् रेघ आपणांस दिसते ती शेजारच्या बिंदूंमधील सूक्ष्म फरकामुळे. सोनपाठी सुतार पक्ष्याच्या लालभडक तुऱ्यावर ऊन पडले की लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेस जाऊन भिडते. हिरवा व निळा मात्र बरेच मागे असतात. कॅमेरा सरासरी काढून सारे आलबेल असल्याचे सांगतो. मर्यादेपलीकडचा फरक नोंदलाच गेलेला नसल्याने तो पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे परत मिळत नाही. यासाठी हिस्टोग्राम हा आलेख तिन्ही रंगांचा स्वतंत्रपणे पाहावा. एखादा रंग उजव्या कडेस चिकटला असेल, तर एक्स्पोजर अर्ध्या ते एक स्टॉपने कमी करावे. छायाचित्र रॉ स्वरूपात घेतल्यास काळवंडलेले तपकिरी डोके नंतर उजळता येते. अर्थात फारच अंधार केला, तर उजळताना चित्रात दाणे उमटतात आणि ते घालवण्याच्या प्रयत्नात पिसेही पुसली जातात.

चेन्नईचेच निसर्गलेखक एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांची वन्यजीव छायाचित्रे प्रामुख्याने कृष्णधवल आहेत. रंगाचा आधार नसताना सारा भार उजेड-सावलीवर येतो. आजही आपले रंगीत छायाचित्र संगणकावर कृष्णधवल करून पाहावे. पिसे तरीही वेगळी दिसली, तर एक्स्पोजर साधले असे खुशाल समजावे.

हे शहर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य लवकर माथ्याकडे सरकतो. सकाळचे तिरपे ऊन पिसांच्या कडांना बारीक सावल्या देते. दुपारी पाणथळीवरील तापलेली हवा थरथरते आणि दूरचा पक्षी उत्तम लेन्समधूनही धूसर येतो. सूर्यपक्ष्याची गोष्ट आणखी निराळी. त्याची झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते व प्रकाशाच्या कोनानुसार बदलते. क्षणापूर्वी काळा वाटलेला गळा मान वळताच जांभळा होतो, म्हणून त्या वळणाची वाट पाहावी.

नवरंग पक्षी स्थलांतर करत या भागात येतो. तो झाडाखालच्या पाचोळ्यात वावरतो. सावलीतील मऊ उजेडात त्याचे रंग मर्यादा ओलांडत नाहीत. तेथे खरी अडचण असते ती शटरच्या वेगाची.