साथीदाराची प्रतिष्ठा

गाण्याच्या बैठकीच्या हस्तपत्रकांत गवयाचें नांव ठळक असतें आणि तबलजीचें सर्वांत खालीं, बारीक अक्षरांत; कधीं तें नसतेंही. गाणें रंगलें तर श्रेय गवयाचें आणि लय ढळली तर दोष तबलजीचा, ही आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. परंतु ती आपल्यापुरतीच आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील जाझ संगीतांतही ड्रमवादकाची जागा पुष्कळ काळ अशीच पाठीमागची होती. ज्यांनीं केवळ विद्येच्या बळावर ती पुढें आणली, त्यांत मॅक्स रोच यांची गणना प्रथम करावी लागेल. त्यांच्या कर्तृत्वाचा अल्प परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हांस वाटतें.

जाझ हें विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लिन्स शहरांतील कृष्णवर्णीय समाजांत आकारास आलेलें संगीत होय. त्यांत मूळ चीज ठरलेली असते, पण तिचा विस्तार वादक त्या क्षणीं सुचेल तसा करतो. आपल्या गवयांच्या उपजेशीं त्याचें नातें सहज लक्षांत येईल. मात्र या विस्ताराचा मान बहुधा ट्रंपेट, सॅक्सोफोन, पियानो अशा सुरेल वाद्यांकडे जाई. ड्रमवाल्यानें ठेका धरून बसावें, एवढीच अपेक्षा असे.

वास्तविक त्या समाजाच्या इतिहासांत ढोलाला फार मोलाचें स्थान आहे. १७३९ सालीं दक्षिण कॅरोलायनांतील गुलामांनीं स्टोनो नदीच्या कांठीं बंड केलें, तेव्हां ते ढोल वाजवीत निघाले होते. बंड मोडलें आणि १७४० च्या कायद्यानें गुलामांना ढोल वाजविण्याची व बाळगण्याची बंदी झाली. त्या नादांतून ते एकमेकांस निरोप धाडतील, ही धन्यांची धास्ती! ज्यांच्या हातून ढोल असा हिरावून घेतला गेला, त्यांच्याच वंशजांत १० जानेवारी १९२४ रोजीं, शेजारच्या उत्तर कॅरोलायनांत, रोच यांचा जन्म झाला.

ते चार वर्षांचे असतां त्यांचें कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत येऊन राहिलें. आई चर्चमध्यें भक्तिगीतें गात असे. दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलगाही अशा गायनवृंदांत ड्रम वाजवूं लागला. १९४३ सालीं, विशी उलटण्यापूर्वींच, कोलमन हॉकिन्स या नामांकित सॅक्सोफोनवादकाच्या साथीस बसून त्यांनीं पहिलें ध्वनिमुद्रण केलें. आणि १९४५ पासून चार्ली पार्कर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकांनीं त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें.

याच सुमारास ‘बीबॉप’ ही द्रुत व अवघड शैली उदयास येत होती. पूर्वीं ठेका मुख्यतः पायानें वाजणाऱ्या मोठ्या ढोलावर चाले. केनी क्लार्क यांनीं तो दांडीवर बसविलेल्या झांजेवर नेला आणि रोच यांनीं ती रीति पूर्णत्वास पोंचविली. बदल दिसावयास लहान, पण त्याचा परिणाम मोठा झाला. लय झांजेवर खेळती राहिल्यामुळें डावा हात आणि दोन्ही पाय मोकळे झाले. सॅक्सोफोनच्या प्रत्येक वाक्याला ड्रम उत्तर देऊं लागला. साथीदार आतां केवळ हुंकार देणारा राहिला नाहीं. तो संभाषणांत सामील झाला.

१९५४ सालीं त्यांनीं क्लिफर्ड ब्राउन या तरुण ट्रंपेटवादकासह पांच जणांचा संच उभारला. तो ऐन भरांत असतां २६ जून १९५६ रोजीं मोटारीच्या अपघातांत ब्राउन, संचाचे पियानोवादक रिची पॉवेल आणि पॉवेल यांची पत्नी, अशीं तिघें मृत्युमुखीं पडलीं. ब्राउन यांचें वय अवघें पंचवीस होतें. या आघातानें रोच खचले व मद्याच्या आहारीं गेले. परंतु त्यांतूनही ते सावरले, आणि त्यांचें सर्वांत मोठें कार्य यानंतरच घडलें.

१ फेब्रुवारी १९६० रोजीं, त्यांच्याच जन्मप्रांतांतील ग्रीन्सबरो गांवीं, चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांकरितां राखलेल्या उपाहारगृहाच्या मेजाशीं शांतपणें जाऊन बसले. त्यांना वाढण्यास नकार मिळाला, तरी ते उठले नाहींत. पंक्तिभेद म्हणजे काय, हें आपल्या समाजाला निराळें समजावून सांगावयास नको. त्याच वर्षीं रोच यांनीं कवि ऑस्कर ब्राउन यांच्या साह्यानें ‘फ्रीडम नाऊ स्वीट’ ही पांच भागांची रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्या वेष्टनावर असेंच एका मेजाशीं बसलेल्या तरुणांचें छायाचित्र आहे. पहिला भाग गुलामांच्या मुकादमाविषयीं असून तो पांच मात्रांत बांधलेला आहे. आवर्तनाच्या समेवर जो कोरडा आघात पडतो, तो ऐकतांना चाबूकच आठवतो. मधल्या भागांत गायिका ॲबी लिंकन यांचा आवाज आणि रोच यांचा ड्रम, एवढींच दोन साधनें. प्रार्थना, निषेध व शांति असे त्याचे तीन खंड. शब्द एकही नाहीं. निषेधाच्या खंडांत तर गायिका अक्षरशः किंकाळ्या फोडते. येथें मुख्य कोण आणि साथीदार कोण, हें कोणासही सांगतां यावयाचें नाहीं.

१९६६ मध्यें त्यांच्या ‘ड्रम्स अनलिमिटेड’ या मुद्रिकेंत निव्वळ ड्रमच्या तीन रचना आल्या. त्यांपैकीं एक तीन मात्रांची. आपल्या तबलजीला स्वतंत्र वादनासाठीं सारंगीवर किंवा हार्मोनियमवर लहरा धरणारा कोणी लागतो. येथें रोच यांनीं आपल्या दोन पायांनींच लहरा धरला आणि त्यावर हातांनीं विस्तार केला. तो करतांना त्यांनीं मध्येंच सोडलेल्या रिकाम्या जागाही बोलक्या वाटतात.

पुढें १९७० मध्यें त्यांनीं ‘एम्-बूम’ हा केवळ आघातवाद्यांचा वृंद स्थापिला आणि १९७२ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत अध्यापन केलें. १९७९ सालीं सेसिल टेलर या स्वच्छंद पियानोवादकासमवेत, कांहीं एक आधीं न लिहितां, त्यांनीं जुगलबंदी केली. कीर्ति पदरीं असतां पन्नाशीनंतर असें धाडस फार थोडे कलावंत करतात. १९८८ मध्यें त्यांना मॅक्आर्थर पाठ्यवृत्तीचा बहुमान मिळाला. १६ ऑगस्ट २००७ रोजीं न्यूयॉर्क येथें, वयाच्या ८३ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला.

साथ करणें कमी दर्जाचें, असें रोच यांनीं कधींही मानलें नाहीं. जन्मभर त्यांनीं उत्तम साथच केली. त्यांचें म्हणणें एवढेंच, कीं जो साथ करतो त्यालाही स्वतःचें असें कांहीं सांगावयाचें असतें. आपल्या घरांतील एखाद्या मुलानें तबला शिकण्याची इच्छा दर्शविली, तर ‘त्यापेक्षां गाणें कां शिकत नाहींस?’ असा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या ओठीं चटकन् येतो. तो विचारण्यापूर्वीं त्यांनीं या ड्रमवादकाचें चरित्र एकवार आठवावें, एवढीच आमची विनंति आहे.