रोपाच्या पिशवीत मातीच कशाला?

पपई किंवा डाळिंबाचं रोप विकत आणताना आपण पिशवीभर परकी मातीही शेतात आणतो. त्या मातीत मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी असले तर तेही सोबत येतात, आणि एकदा जमिनीत शिरलेले सूत्रकृमी पुरते घालवणं जवळजवळ अशक्य. म्हणून फळझाडांची रोपं शेतातल्या टाकाऊ मालावर वाढवावीत, असं माझं ठाम मत आहे. नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. भाताच्या तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे ते सावकाश कुजतं आणि मिश्रणात हवा खेळती राहते. त्यात गांडूळखत मिसळलं की पोषणाची सोय झाली, पिशवीही हलकी. (शेताचा वरचा सुपीक थर खरवडून पिशव्या भरायच्या, हा तर उफराटा न्याय!)

‘भुशात रोपं पिवळी पडतात’ ही तक्रार खोटी नाही. कच्च्या भुशात कर्ब-नत्र गुणोत्तर १००:१ च्या आसपास असतं. तो कुजवणारे सूक्ष्मजीव रोपाच्या वाट्याचं नत्र पळवतात. क्षार आणि टॅनिन असतात ते वेगळेच. म्हणून भुसा आधी गोड्या पाण्याने धुवावा, मग थरांमध्ये युरिया आणि अळिंबीचं बियाणं घालून निदान महिनाभर कुजवावा. मातीविना वाढलेलं रोप शेतात बिचकतं, हा आक्षेपही थोडाफार खरा. त्यासाठी लागवडीआधी आठवडाभर पाणी कमी करून ऊन दाखवावं, आणि लावताना गड्ड्यावर मातीचा पातळ थर द्यावा. उघडा राहिलेला भुसा भराभर सुकतो.