पायाळू मूल आणि खुब्याचा सांधा

श्रोतेहो, मूल पायाकडून जन्मले की आपण त्याला पायाळू म्हणतो. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीतली लचक जाते, असे सांगणारे कळमनुरीला भेटतात तसे वसमतलाही भेटतात. पण पायाळू बाळाचे खरे जपायचे ते निराळेच. ते म्हणजे त्याचा खुबा.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. उखळात मुसळ फिरावे तसा. काही बाळांत ही वाटी उथळ राहते आणि माथा सैल बसतो, कधी निसटतोही. पायाळू बाळांत, मुलींत, पहिलटकरणीच्या बाळांत आणि घराण्यात हा दोष असल्यास तो अधिक आढळतो. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही. म्हणूनच फसगत होते.

मग ओळखायचे कसे? न्हाऊ घालताना बाळाचे गुडघे दुमडून मांड्या हलकेच बाहेर पसराव्या. एक मांडी कमी फाकते का? गुडघे दुमडून शेजारी ठेवले तर एक खाली दिसतो का? तसे असल्यास दवाखाना गाठावा. दोन्ही खुबे बिघडले असतील तर फरक दिसतच नाही. म्हणून पायाळू बाळाची तपासणी करवूनच घ्यावी. लहानपणी ती सोनोग्राफीने होते, पुढे क्ष-किरणाने.

6 महिन्यांच्या आत कळले तर बहुधा मऊ पट्ट्यांवर काम भागते. त्या मांड्या दुमडून फाकलेल्या ठेवतात आणि वाटी नीट घडू लागते. मूल चालू लागल्यावर कळले, तर अनेकदा शस्त्रक्रिया आणि प्लास्टर. प्लास्टर निघाले की स्नायू वाळलेले असतात. तिथे फिजिओथेरपिस्टचे काम सुरू होते: सांधा मोकळा करणे, खुब्याबाहेरचा स्नायू बळकट करणे, चाल सुधारणे.

गुरुजींनो, वर्गात एखादे मूल लंगडत असेल, तर त्याला त्या पायावर उभे करून पाहा. दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकली तर खुब्याची शंका घ्या. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष तपासणीच्या यादीत आहे. पथक शाळेत आले की ते मूल पुढे करा.

आणि आयाबायांनो, बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात आवळू नका. त्याला कडेवर घ्या. मांड्या आपोआप फाकतात. ही जुनी रीत खुब्याला मानवणारी आहे.