प्रवाळाची टाकी: आधी काय घ्यावे, मग काय?



घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तिच्यात प्रवाळ वाढवायचे असतील, तर खरेदी कोणत्या क्रमाने करावी, हा आजचा विषय. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले ते मरीन ड्राइव्हवर, म्हणजे समुद्राच्या दारातच. आपण पिंप्राळ्यात बसलोय. इथे समुद्र पिशवीतल्या मिठापासून घरी तयार करावा लागतो आणि मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे मुंबईकराची यादी आपल्याला जशीच्या तशी चालत नाही.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते बघू. तो दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला देते. पाणी फार तापले की हे नाते तुटते, शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि पुढे उपाशी मरतो. म्हणजे आपण शोभेची वस्तू नाही, एक जीव घरी आणतो आहोत.

म्हणून पहिले काम पैशाचे नाही, कायद्याचे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून आपल्या समुद्रातल्या कठीण प्रवाळांना संरक्षण आहे. ते काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. परदेशी जातींनाही आता नोंदणीचे नियम आहेत. दुकानदार कागद दाखवत नसेल, तर तिथून परत फिरावे.

आता यंत्रे. प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारायचा: हे बंद पडलं तर टाकीतला जीव किती वेळात मरेल? तास, दिवस, आठवडे की महिने? जिथे उत्तर तासांत येते, तिथे पैसा आधी जायला हवा. लक्षात घ्या, हा खोकी उघडण्याचा क्रम नाही. कुठे काटकसर करायची नाही, त्याचा हा क्रम आहे.

तासांचे उत्तर आहे पाण्याची हालचाल. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि पाणी तापले की आणखी कमी. पंप थांबला की मासे, प्रवाळ आणि दगडांतले जिवाणू सगळे मिळून तेवढा साठा संपवतात. वीज गेली की काय होणार, याचा विचार इथेच करायचा. एक पंप इन्व्हर्टरवर हवा. निदान बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच. शिवाय खारे पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा अर्थिंग आणि आरसीसीबी हे माणसाच्या जिवासाठी.

दिवसांचे उत्तर आहे तापमान. प्रवाळाला २४ ते २७ अंश मानवतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला की पाणी माठासारखं गार होतं, पाच-सात अंशांचा फरकही पडतो. पण खोलीच ३८ अंशांवर असेल तर तेवढ्याने भागत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग आणखी घटतो. म्हणून जळगावकडे चिलर ही चैन नव्हे. हिवाळ्याच्या रात्रींसाठी हीटरही लागतो. चिलर खोलीत उष्णता सोडतो, त्यामुळे खोलीला खेळती हवा हवी.

आठवड्यांचे उत्तर आहे पाण्याची शुद्धता. बोअरचे पाणी जड, नळाचे क्लोरीनचे. पिण्याच्या आरओ यंत्रांपैकी कित्येक चवीसाठी क्षार परत मिसळतात. तेव्हा टाकीसाठी वेगळे आरओ-डीआय यंत्र आणि टीडीएस मीटर घ्यावे. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने २०० लिटरला सुमारे ७ किलो मीठ लागते; तेही स्वयंपाकाचे नव्हे, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेले, याच कामासाठी बनवलेले. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. आणि एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: वाफ होऊन जाते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची घट गोड्या शुद्ध पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. पंखा लावला तर ही घट आणखी वाढते.

यानंतर येतो वेळ, जो दुकानात मिळत नाही. विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीत फक्त दगड आणि पाणी. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा आणू नये. प्रोटीन स्किमर मासे वाढतील तसा घेता येतो.

शेवटी दिवे. गंमत बघा, माणूस सर्वांत आधी पैसे टाकतो ते इथेच, कारण निळ्या उजेडात प्रवाळ झगमगतात. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असा भेद केलेला आहे: हिताचे एक, आवडते दुसरे. दिवा प्रवाळाला लागतोच, त्यावरच त्याचे अन्न. पण पहिला प्रवाळ येईपर्यंत काही महिने जातात, तोवर दिव्यासाठी पैसे साठवता येतात. आषाढी एकादशीला आपल्याकडे रथ निघतो तेव्हा डोळे सजावटीवर असतात. रथ आवरते ती मात्र चाकाखालची मोगरी. टाकीचेही तसेच.

मग पैसे कमी असतील तर? टाकी फार लहान करू नये. थोडे पाणी लवकर तापते, लवकर बिघडते. दिवा साधा घेऊन सोपे, मऊ प्रवाळ ठेवता येतात. पण चिलर आणि विजेची सोय होत नसेल, तर आमचे स्पष्ट मत असे, की प्रवाळ आणूच नयेत. गोड्या पाण्याची टाकी ठेवावी, तीही सुंदर असते. आपली हौस भागते आणि मरण मात्र दुसऱ्याला येते, असा व्यवहार आपण करू नये.

कोणाला काही विचारायचे असेल तर आता विचारावे.