मामांचा फाळ आणि आभाळातले उपग्रह

संपादकांनी सांगितलं, मातीकामातल्या यंत्रांचा पन्नास वर्षांचा आढावा घ्या आणि उपग्रहांच्या आधाराने चालणाऱ्या नव्या यंत्रांवर जरा भर द्या. घरी ही बातमी दिली तर उत्तर आलं, "म्हणजे परत ग्रेडर." चाळीस वर्षं ऐकून घेतलेल्या माणसाला एवढा अंदाज येणारच. तेव्हा आधीच कबूल करून टाकतो. डोझर, पोकलेन, हायवा, रोलर यांच्याशी माझं वैर नाही. पण जीव ग्रेडरवर, म्हणजे लांब फाळाने माती सारखी करणाऱ्या यंत्रावर आहे, आणि आढावा तिकडेच कलणार आहे.

बाकीचा इतिहास भराभर उरकतो. १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स निघाली, कोमात्सुच्या सहकार्याने डोझर देशात बनू लागले आणि धरणांच्या कामांवर ती पिवळी धुडं दिसू लागली. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, ते आपल्याकडे साऱ्या जातीलाच चिकटलं. पुढे जेसीबीचंही तेच झालं. मग हायड्रॉलिक्स सुधारलं, केबिनला काचा आल्या, काचांमागे एसी आला. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे.

मी कामाला लागलो तो बहात्तरच्या दुष्काळात. पाझर तलावाच्या कामावर यंत्र म्हणावं अशी एकच वस्तू होती, डम्पी लेव्हल, उंची बघायची दुर्बीण. बाकी सगळी माणसं. मोजमाप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत. दहा बाय दहाचा, फूटभर खोल खड्डा झाला की एक ब्रास. मधे मातीचा एक खांब न खणता राखायचा, मूळची जमीन किती उंच होती याची साक्ष म्हणून. मातीवडारांची टोळी बांधाला उतार द्यायची ती नुसत्या नजरेने. दोनास एक म्हटलं की दोनास एक. मी नवा, पुस्तकी. उतार तपासायला लाकडी त्रिकोण आणि ओळंबा घेऊन गेलो आणि ऐटीत सांगितलं, चुकलाय. टोळीतली एक म्हातारी म्हणाली, "लाकूड वाकडं नसंल ना बाबा, तेवढं बघ." लाकूडच वाकडं होतं. रात्रभर पावसात भिजून त्याने पीळ घेतला होता.

मग जायकवाडी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, आणि मधल्या काळात उभा राहिलेला सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध. त्या कामाची थोरवी मराठीत पुष्कळांनी गायली आहे, म्हणून मी थांबत नाही. मला थांबायचंय ते पुढच्या एका रस्त्याच्या कामावर, जिथे मला ग्रेडरमामा भेटले.

त्यांचं नाव हजेरीपत्रकात होतं, पण सगळे मामाच म्हणत. मुकादमापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत. ते ग्रेडर उभ्याने चालवत. बसलं की फाळाचं पुढचं टोक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. ग्रेडर हे मुळातच शहाणं यंत्र आहे. फाळ पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मधोमध टांगलेला असतो, त्यामुळे पुढचं चाक दहा सेंटिमीटर उंचवट्यावर चढलं तर फाळ फार तर पाचेक उचलला जातो. मागे दोन-दोन चाकांची जोडी एका सांध्यावर झुलते, तीही धक्का निम्मा करते. म्हणजे यंत्र जन्मतःच खाचखळगे पचवतं. उरलेलं मामा पचवत. समोर लिव्हरची रांग. दोन्ही टोकांची उंची, फाळाचा तिरपा कोन, पुढच्या चाकांचा कल हे सगळं दोन हातांत, आणि नजर कुठल्याच लिव्हरवर नाही.

दर दहा मीटरला खुंटी, खुंटीवर लाल रंगाची खूण, कडेने फक्कीची रेघ, मधे ताणलेली दोरी. सात मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याला अडीच टक्के कॅम्बर म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पावणेनऊ सेंटिमीटरचा उतार. मामा पहिल्या फेरीत नुसती माती पसरत, दुसऱ्या फेरीत वरंबा एका कडेला लोटत, तिसऱ्या फेरीला खुंटीकडे बघत. हेल्पर मागून स्टाफ, म्हणजे उंची वाचायची आकड्यांची पट्टी, धरून पळत असे. सब-ग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या मातीला, विनिर्देश वर वीस आणि खाली पंचवीस मिलिमीटर चालवून घेतो. मामांची माती बहुतेक वेळा दहाच्या आत. मी लेव्हलला डोळा लावून आकडा सांगेपर्यंत ते पुढच्या खुंटीवर गेलेले असत.

पण त्यांची खरी करामत लेव्हलमध्ये नव्हती, आणि माझा सगळा वाद इथूनच सुरू होतो. मामा फाळापुढची माती बघत. ती गोल लाटत आली की पाणी बरोबर आहे. ढेकळं उड्या मारत आली की टँकर बोलवा. फाळाला थापली जाऊ लागली की दोन तास थांबा. कधी खाली उतरत, मूठभर मुरूम घेत, लाडू वळत आणि दोन बोटांनी दाबून फोडत. दोन नीट तुकडे झाले तर रोलर सोडा. भुगा झाला तर कोरडा आहे, बोटांना चिकटला तर ओला. किती पाण्यात माती सर्वांत घट्ट बसते याची जी चाचणी प्रॉक्टरसाहेबांनी १९३३ साली साच्यात आणि हातोड्याने बसवली, तिचं उत्तर प्रयोगशाळेतून यायला दुसरा दिवस उजाडायचा. लाडवाचा निकाल लगेच.

एकदा सगळ्या खुंट्या जुळलेल्या असताना मामांनी मशीन थांबवलं. "साहेब, इथं खाली काळी आहे." मी स्टाफ धरायला लावला, लेव्हल बिनचूक. ते म्हणाले, "लेव्हल असू दे. मागची चाकं बसली." मला काहीच जाणवलं नव्हतं. खणून पाहिलं तर मुरमाच्या अर्ध्या मीटर थराखाली जुन्या नाल्यातली काळी माती, कोणीतरी आधीच्या हंगामात गुपचूप झाकलेली. पावसाळ्यात ती फुगली असती आणि उन्हाळ्यात भेगाळली असती. तेवढा तुकडा उकरून काढला. बिलात तो आला नाही, ती वेगळी कथा.

आता उपग्रह. मधला लेझरचा टप्पा मी दोन वाक्यांत उरकतो, कारण त्याला स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. ओहायोत साठच्या दशकात शेतातल्या चरांसाठी निघालेलं फिरतं लेझर पुढे सपाट मैदानांना फार छान लागू पडलं. वळणावळणाच्या, उंच-सखल रस्त्याला मात्र एकाच सपाट प्रतलाचा काय उपयोग? अमेरिकेची जीपीएस १९९५ साली पूर्ण क्षमतेने चालू झाली, मे २००० मध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्यात आली, आणि बांधकामाच्या कामाला लागणारी अचूकता जमिनीवर जवळच उभ्या केलेल्या बेस स्टेशनच्या दुरुस्तीतून मिळू लागली. यंत्रावर अँटेना, केबिनमध्ये पडदा, पडद्यात रस्त्याचा पूर्ण आराखडा, आणि हायड्रॉलिक झडपा त्या आराखड्याच्या हुकमाने उघडझाप करणार. ऑपरेटरने फक्त स्टिअरिंग धरायचं. खुंट्या नाहीत, फक्की नाही, मागे पळणारा हेल्पर नाही.

या शेवटच्या गोष्टीसाठी मी या तंत्राला हात जोडतो. मागे येणाऱ्या यंत्राखाली स्टाफ धरलेल्या एका पोराचा पाय गेलेला मी पाहिलाय. एका खासगी ठेकेदाराचं काम होतं, पोर सतरा-अठरा वर्षांचं, नोंद झाली की नाही कोण जाणे. दर दिवाळीला 'आमच्या वेळी' लिहिणारे माझे काही समवयस्क या पोराबद्दल लिहीत नाहीत. त्यांच्या लेखांत खुंट्या आपोआप रोवल्या जातात.

पण विक्रेत्यांच्या बाजूचे लोक 'सेंटिमीटर' हा शब्द फार सैल हाताने वापरतात. उपग्रहाची उंची त्याच्या आडव्या जागेपेक्षा नेहमीच कच्ची असते. कारण साधं आहे: सगळे उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. आडवं एक-दोन सेंटिमीटर मिळालं तरी उभं दोन-तीन धरावं. सब-ग्रेडला ते कसंबसं चालतं. वरच्या खडीच्या थरांना, जिथे दहा मिलिमीटरची सूट आहे, तिथे चालत नाही. तिथे रोबोटिक टोटल स्टेशन लावावं लागतं. ते पुन्हा जमिनीवरच्या खुणांवर उभं राहतं. म्हणजे फिरून खुंटीच.

दुसरी गंमत उंचीच्या शून्याची. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून. जुहूच्या वाळूत उभं राहून ती मोजली तर आकडा शून्याच्या खाली साठ मीटरहून जास्त येतो, माणूस बुडाल्यासारखा. आपली नकाशातली उंची १९०९ साली ठरलेल्या सरासरी समुद्रपातळीवरून येते. नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ती बांधली, त्यांत मुंबईचं अपोलो बंदर होतं. नागपुरात झिरो माइलजवळ १९०७ चा जो दगडी बेंचमार्क, म्हणजे उंची पक्की ठरलेली खूण, आहे, १०२० फुटांच्या आकड्याचा, तो याच घराण्यातला. या दोन उंच्यांची सांगड कामाच्या जागेवरच, ओळखीच्या बेंचमार्कांवर बेस बांधून घालावी लागते. ती चुकली की पडदा अगदी प्रामाणिकपणे चुकीचा रस्ता बांधतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून एका कामावर गेलो होतो. नाव कशाला घ्या? दीड किलोमीटर सब-ग्रेड तयार, पडदा पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवा. मोरीच्या जोडाशी आल्यावर मात्र रस्ता मोरीपेक्षा वर. फरक सत्तावीस सेंटिमीटर. बेसच्या खुणेची उंची ५४८.६३ होती, भरली गेली ५४८.३६. उंची एकाच बिंदूवर बांधली होती. चार घेतले असते तर आकडा पहिल्याच दिवशी बोंबलला असता. एका परिसंवादात हे सांगितलं तेव्हा एक तरुण गृहस्थ म्हणाले, चुकीचा आकडा खुंट्यांवरही गेलाच असता. गेलाच असता. पण मोरीच्या कठड्याशेजारी सत्तावीस सेंटिमीटर वर रंगवलेली खुंटी मामांना दिसली असती, पहिली माती पडायच्या आधी. चुकीचा आकडा जमिनीवर उभा होता तोवर त्याला कोणीतरी ठेचकाळत होतं.

आता लखनौ–कानपूर या त्रेसष्ट किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर रस्ते मंत्रालयाने स्वयंचलित यंत्रांचा प्रयोग केला: उपग्रहाच्या आधाराचे ग्रेडर, आणि जमिनीचा प्रतिसाद मोजणारे रोलर. या रोलरने मला जरा अडचणीत टाकलंय, हे मान्य करतो. ड्रमच्या कंपनातून तो खालची माती किती ताठ आहे ते ओळखतो आणि नकाशावर रंग भरत जातो. मामांच्या पायांना मागची चाकं बसल्याचं जे कळायचं, ते आता ड्रमला लावलेल्या सेन्सरला कळू लागलंय. पण कोरडी माती त्याला फसवते. कमी पाण्यात दाबलेला मुरूम ताठ लागतो, रंग छान येतो आणि पहिल्या जोराच्या पावसात बसतो. लाडू फोडणाऱ्या बोटांना हे त्याच्या आधी कळतं. रोलरवर बसलेल्या मुलाला लाडू वळता येत नाही. त्याला ते कोणी शिकवलेलं नाही. त्याला पडदा पंधरा दिवसांत शिकवला, माती शिकवायला कोणाकडे वेळ नव्हता. कसाऱ्यासारख्या घाटात खोल कटिंगमध्ये उपग्रह कमी झाले की तो मशीन बंद करून फोन काढतो. त्याचा दोष नाही. मला राग येतो तो त्याच्या साहेबाचा, जो कार्यालयात बसून तोच हिरवा पडदा बघतो आणि साइटवर बूट न मळवता परत जातो.

मागच्या मे महिन्यात जुन्या रस्त्यावरून जात होतो, मामांच्या रस्त्यावरून. चौपदरीकरण चाललंय. एका मोरीच्या कठड्यावर आमचा टीबीएम, म्हणजे तात्पुरता बेंचमार्क होता, छिन्नीने खोदलेला बाण आणि लाल ऑइलपेंटने लिहिलेली उंची. तीन रस्त्यांच्या लेव्हल त्या एका बाणावरून निघाल्या होत्या, आणि पलीकडच्या वस्तीतल्या बायका त्याला येता-जाता हळदकुंकू लावायच्या. कठडा फोडलेला होता. मी तरुण सर्व्हेअरला विचारलं, याची उंची कुठे नेऊन ठेवली? तो म्हणाला, "काका, आता बेस आहे ना." मग माझा चेहरा बघून त्याने सोबतच्या मुलाला पाठवलं. कंटेनरच्या मागून ऑटो लेव्हल निघाली. ट्रायपॉड सापडेना, शेवटी सापडला तो ताडपत्रीला आधार म्हणून उभा केलेला, एका पायाला सुतळी बांधलेला.

बाणाचा तुकडा आम्ही शोधून काढला. अर्धा बाण आणि शेवटचे दोन आकडे, त्यांवर कुंकू. पहिले आकडे मला तोंडपाठ होते, ते मी त्या मुलाला लिहून दिले.