व्हॉल्व्ह लाल झाला, पण दोष कुणाचा?

घरी जोडलेल्या अॅम्प्लिफायरमधील आऊटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल दिसू लागली की व्हॉल्व्ह बदलावा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कित्येकदा व्हॉल्व्ह निर्दोष असतो आणि दोष शेजारच्या कपॅसिटरमध्ये असतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पूर्वी बनविलेले ‘ईएल ८४’ व्हॉल्व्ह आज जुन्या साठ्यातूनच मिळतात. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावी ते बाहेरूनच मागवावे लागतात. म्हणूनच आधी अचूक निदान हवे.

वीज बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर जोडीतील दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करावी. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह सदोष. जागेवरच राहिला तर सर्किट सदोष. काचेच्या आतील चंदेरी थर पांढरा पडला असल्यास आत हवा शिरलेली असते. असा व्हॉल्व्ह बाद समजावा.

त्यानंतर प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोड रेझिस्टरवरील व्होल्टेज मोजावे. २७० ओहमवर १०.८ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर प्रवाह. २५० व्होल्टला ही शक्ती सुमारे १० वॅट होते. ‘ईएल ८४’च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट आहे. प्रवाह फार जास्त आढळल्यास वीज बंद करून तो व्हॉल्व्ह काढावा आणि पुन्हा वीज देऊन ग्रिडच्या पिनवर व्होल्टेज पाहावे. ते शून्य हवे. धन व्होल्टेज आढळल्यास कपलिंग कपॅसिटर गळतो आहे. तो न बदलता बसविलेला नवा व्हॉल्व्हही जळेल.

मात्र वीज बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट टिकून राहू शकतात. हा धक्का प्राणघातक ठरू शकतो. आत हात घालण्यापूर्वी ते रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री करावी आणि स्पीकर जोडल्याविना अॅम्प्लिफायर कधीही चालवू नये.